चावीकाकांची बाजू

आमच्या आणि चावीकाकांच्या घरात एकच भिंत आहे, आणि ती भिंत कमालीची चुगलखोर आहे. काका कधी घोरतात, काकू कधी भांडी आपटतात, कोण कुणावर रुसलंय, सगळं ती मला घरपोच देते. मी कान लावत नाही. लावायची गरजच पडत नाही. त्यातून रोज संध्याकाळी दुकान बंद करून काका आले, की चहाच्याही आधी ते एक गाणं लागतं आणि माझ्या फळीवरचे डबे थरथरायला लागतात.

ते गाणं आता सगळ्या गल्लीला पाठ आहे. साठच्या दशकात लांब केसांच्या पाच पोरांचा एक बँड होता, त्यांनी गायलेलं. गाण्यात एक नावाडी आहे. तो धुक्यात नाव हाकतो आणि पलीकडच्या काठावरच्या कुणाला तरी हाका मारतो. पण गाणं त्या पोरांचं नव्हेच. ते लिहिलं, त्याला चाल लावली आणि आधी गायलं ते दुसऱ्याच एका माणसानं. एकट्यानं, मांडीवर गिटार आणि गळ्यात माउथ ऑर्गन अडकवून. या पोरांनी ते उचललं, निम्म्याहून जास्त कडवी कापली, तीन आवाजांत गायलं, सुरुवातीला एक किणकिणती गिटार घातली आणि बाजारात आणलं. मूळ माणसाचं गाणं मोजक्यांनी ऐकलं. यांचं घरोघरी गेलं.

इतक्या जुन्या गोष्टीवरून आज कुणी कशाला भांडेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही चावीकाकांना भेटलेला नाहीत.

काका सत्तरीच्या पलीकडचे. त्यांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चुकून उरलेली फट. एक माणूस आत बसला की दुकान भरलं. मागच्या भिंतीवर न कापलेल्या चाव्या खिळ्यांना टांगलेल्या, पुढ्यात चावी कापायचं यंत्र, आणि त्या यंत्राची किंकाळी अशी की बाहेर उभ्या गिऱ्हाइकाचे दात शिवशिवतात. काकांचा सगळा जन्म त्या किंकाळीला कान देऊन गेला.

स्वभावाचं म्हणाल, तर ‘नाही’ म्हणायची त्यांना भारी हौस. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर हे जेवताना वरून मीठ घेतात आणि घेताना मुद्दाम खिडकीत येतात. न जाणो, डॉक्टर रस्त्यावरून जात असले तर! मुलगी म्हणाली, बाबा, आता दुकान विका. यांनी दुसऱ्याच आठवड्यात दुकानाला नवा रंग दिला. तोही असा पोपटी, की समोरच्या शिंप्यानं डोळे दुखतात म्हणून आपलं यंत्र उलट्या दिशेला फिरवलं.

हा रंग दिला रंगारीबुवांनी. बुवा म्हणजे काकांचे लहानपणापासूनचे मित्र आणि जन्माचे वैरी. घरं रंगवायचा धंदा त्यांनी कधीच सोडला, पण अजून कानामागे कुठे तरी एखादा पांढरा ठिपका सापडतोच. मला तर वाटतं, ते तो सकाळी मुद्दाम लावतात. बुवा मूळ गाण्याच्या बाजूचे, काका बँडच्या. या दोघांच्या भांडणापायी गावातल्या जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांचं एक मंडळ उभं राहिलं, तगलं आणि म्हातारं झालं.

मंडळ भरतं रविवारी दुपारी, बेकरीच्या वरच्या खोलीत. मैद्याची पोती एका बाजूला सरकवायची, खुर्च्या दोन रांगांत मांडायच्या, मध्ये रेकॉर्डप्लेअर. खिडकीकडची रांग मूळवाल्यांची. भट्टीचं धुराडं ज्या भिंतीतून वर जातं त्या उबदार भिंतीकडची रांग बँडवाल्यांची. बेकरीवाल्या बाई अध्यक्ष, कारण खोली त्यांची, रेकॉर्डप्लेअर त्यांचा आणि सगळ्यांना गप्प करील असा आवाजही एकट्या त्यांचाच.

पूर्वी उबदार भिंतीकडे बसायला जागा मिळत नसे म्हणतात. पुढे कुणी गाव सोडलं, कुणी जग सोडलं. एक तर बायकोच्या धाकानं खिडकीकडे जाऊन बसला. आता त्या भिंतीशी एकच खुर्ची उरलीय. तिच्यावर काका बसतात, पाय पसरून, जणू शेजारी अजून कुणाला तरी जागा द्यायची नाहीये.

“तुझ्या पोरांनी काय केलंय कळतं का तुला?” बुवा दर रविवारी नव्यानं संतापतात. “शेवटचं कडवंच उडवलंय! अरे, तो नावाडी बुडतो त्या गाण्यात. तो बुडतो तेच तर गाणं आहे!”

“माझ्या गाण्यात नाही बुडत,” काका म्हणतात. “कुणाला बुडायची हौस असेल त्यानं खिडकीकडे बसावं.”

“जन्मभर दुसऱ्यांच्या चाव्यांच्या नकला काढल्यास. तुला नक्कलच गोड लागायची.”

“आणि तू जन्मभर लोकांच्या भिंतींना जो पांढरा फासलास, तो काय तुझ्या आजोबांनी शोधून काढला होता?”

मग बाई टेबलावर हात आपटतात, पोत्यांवरून मैदा उडतो आणि दोघंही खोकत खोकत खाली बसतात.

आता खरी गोष्ट. काकांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एकदा दार वाजवून दमले, शेवटी त्यांनीच सहज उघडलं. मी हसतमुखानं, अगदी गोड आवाजात म्हटलं, “काका, तुमच्या घराला आग लागलीय.”

“हो, हो,” ते म्हणाले, “काकूला सांगतो.”

मुलीनं त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं आणि कानाचं यंत्र आणून दिलं. काकांनी ते घातलं, घरी आले, पहिल्यांदा रेकॉर्ड लावली, आणि गाणं संपायच्या आत यंत्र काढून रबरबँड, संपलेल्या बॅटऱ्या असलं सामान पडलेल्या खणात टाकलं.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“मोरीत कुणी चमचे ओतल्यासारखी वाजते गिटार.”

“पण माझं बोलणं तरी ऐकू येईल की नाही?”

“तुझं बोलणं मला पाठ आहे.”

काकू त्यानंतर दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांना ते कळलं की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

पण काकूंच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, “पूर्वी गाणं लागलं की पहिल्या झटक्याला मान डोलायची. आता ती गिटार किणकिणत असते आणि हे नुसतेच बसलेले. पोरांचे आवाज सुरू झाले की मग मान हलते.” आणि भाजीकडे बघत पुढे म्हणाल्या, “ती गिटार गेलीय गं त्यांची.”

तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं नाही. कारण मंडळाची मोठी सभा तोंडावर आली होती.

मोठी सभा वर्षातून एकदा. दोन्ही बाजूंनी एकेक जण उठून आपल्या गाण्याची बाजू मांडतो. पण बोलायच्या आधी त्याला ‘पाठमोरी फेरी’ द्यावी लागते. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची, बोलणाऱ्यानं सगळ्यांकडे पाठ करून बसायचं. बाई दोन्हींपैकी कुठली तरी रेकॉर्ड लावतात, सुई हवी तिथे टेकवतात. बसलेल्यानं ऐकून हात वर करायचा आणि काय लागलंय ते सांगायचं. सांगता आलं तरच बोलायचं. नाही आलं तर त्याचा बोलायचा हक्क गेला, कायमचा. आणि ज्या बाजूला बोलणारा उरला नाही ती बाजू बंद. तिची रेकॉर्ड खोक्यात जाणार, आणि यापुढे रविवारी एकच गाणं वाजणार.

एवढा जाचक नियम केला कुणी? खुद्द चावीकाकांनी. फार पूर्वी एक न्हावी गाणं न ऐकताच तासन् तास भाषण ठोकायचा, त्याला हाकलायला.

सभेच्या सकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं. काका आरशासमोर कॉलर सारखी करत होते. मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ मोठे मोठे हलवत माझी योजना मांडली. “मी भिंतीजवळच बसते. बँडची रेकॉर्ड लागली की शिंकते. दुसरी लागली तर खोकते. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आणि खरीच शिंक आली म्हणजे?”

“मी नाकावर ताबा ठेवते.”

“तोंडावर कधी ठेवता आलाय तुला?” काका म्हणाले. मग कॉलर सोडून वळले. “हे बघ, माझ्या गाण्याच्या बाजूला ऐकणारा माणूस हवा. शिंका मोजणारा नको. नियम मी केलाय.”

“मग यंत्र घाला!” काकू आतून ओरडल्या. हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

“ते घालून त्या गिटारीला मी वाईट म्हणायचं? त्यापेक्षा नाही ऐकू आली तर नाही!”

आणि आम्हा दोघींच्या पुढे चालत, एकदाही मागे न बघता ते बेकरीचा जिना चढले.

खोली भरली होती. खिडकीकडे सगळ्या खुर्च्या, भिंतीकडे ती एक. मी आणि काकू बाजूच्या पोत्यांवर टेकलो. आधी बुवा बसले पाठमोरे. सुई टेकते न टेकते तोच त्यांचा हात वर. “आमचा माणूस. चौथं कडवं. इथे तो श्वास घेतो.” मग उठून जे बोलायला लागले, ते बुडत्या नावाड्याला पुरता तळाला नेऊनच थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळेही पुसले, पण त्या कांदा चिरतानाही त्यापेक्षा जास्त रडतात.

मग काका. त्यांनी आपली खुर्ची स्वतःच उचलून भिंतीकडे वळवली आणि बसले. ताठ. मानेवर नुकतेच कापलेले पांढरे केस, कॉलर जरा एका बाजूला.

बाईंनी बँडची रेकॉर्ड लावली. मनात आणलं असतं तर सुई मध्ये कुठे तरी ठेवता आली असती, तिन्ही आवाज एकदम येतात तिथे. पण त्यांनी टेकवली अगदी सुरुवातीला. त्यांची काही चूक नाही. सगळ्यात सोपी जागा म्हणूनच टेकवली असणार. त्या गिटारीवरून ते गाणं कुठलंही पोर ओळखेल.

गिटार सुरू झाली. बारीक, वरच्या पट्टीतली, एकटीच. सगळी खोली तिनं भरून गेली.

काका बसून राहिले. हात मांडीवर.

गिटार एक फेरा घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. खिडकीकडे कुणी तरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं.

आणि काका पाठमोरेच, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, “लावा की बाई! भट्टीत पाव विसरून आलात का?”

कुणीही हसलं नाही. काकूंनी माझा हात धरला, आणि असा धरला की नखं रुतली. तेवढ्यात रेकॉर्डमध्ये तिघांचे आवाज सुरू झाले, ‘हो’ म्हणून नावाड्यानं हाक घातली, आणि काकांची पाठ एकदम आखडली. त्यांचा हात वर आला नाही. आता वर करण्यात अर्थ नव्हता आणि ते त्यांना कळत होतं.

बाईंनी सुई उचलली. काकांनी खुर्ची फरशीवर घासत पुन्हा आमच्याकडे वळवली.

“चालू होतं?” त्यांनी थेट बुवांना विचारलं.

“होतं.”

“गिटार वाजली?”

“वाजली,” बुवा म्हणाले. ओठ नीट हलवून म्हणाले.

“पूर्ण?”

“दोनदा.”

बाईंनी घसा साफ केला. “काका, नियम तुम्हीच—”

“माहितीये. मोडला.”

“कुणी मोडला?”

“मी. मी केला, मी मोडला. तुमच्या बेकरीत पाव तुम्हीच भाजता आणि तुम्हीच तोडता ना?”

मग जो गलका उठला! खिडकीकडचे सगळे एकदम बोलायला लागले. असं कसं, नियम म्हणजे नियम, मग उद्या कुणीही उठेल, त्या न्हाव्याचं काय, त्याला तर पायरीवरून खाली... काकांना यातलं काय ऐकू जात होतं देव जाणे. ते सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते.

“अरे, त्या न्हाव्याला तू हाकललंस,” बुवा उठून त्यांच्या समोर येऊन म्हणाले. “ऐकत नाही म्हणून. आठवतं?”

“त्याला ऐकू येत होतं, तो ऐकत नव्हता. मी रोज ऐकतो.”

“काय ऐकतोस? तुला ऐकूच येत नाही ते!”

“नाही येत,” काका म्हणाले. हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की खाली दुकानातलं गिऱ्हाईकही ऐकत असणार. “वर्ष झालं, ती गिटार मला ऐकू येत नाही. झालं समाधान? आणि ऐका, आणखी एक सांगतो म्हणजे तुमचं पोट भरेल. तुमचा तो एकटा माणूस आहे ना, त्याचा मला शब्दन् शब्द ऐकू येतो. तो जाडा आवाज, तो माउथ ऑर्गनमधला दमेकऱ्यासारखा श्वास, सगळं. माझ्या कानांनी तुमचंच गाणं तेवढं शिल्लक ठेवलंय.”

बुवांचा चेहरा असा झाला, जणू रंगाचा डबा त्यांच्याच पायावर सांडलाय.

“मग ये की इकडे,” ते म्हणाले. कुत्सितपणे नाही, अगदी हळू म्हणाले. पण ओठ काकांकडे करून. “खिडकीजवळ जागा आहे. निदान ऐकशील तरी काहीतरी.”

“नाही.”

“का पण?”

“कारण मला ते आवडत नाही!” काकांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “ऐकू येतं म्हणून आवडून घेऊ? पहिल्यापासून आवडलं नाही, आता आयतं कानात येऊन बसलं म्हणून त्याला जावई करून घेऊ? मी इथेच बसणार. बाजू बंद करायची असेल तर मला खुर्चीसकट उचला. तुमच्यात कुणाची कंबर धड असेल तर!”

तसं कुणी नव्हतं. खिडकीकडे बसून बसून सगळ्यांच्या कंबरा गेलेल्या.

“काकू, तुम्ही तरी सांगा यांना,” बाई वैतागून म्हणाल्या.

“मी काय सांगू?” काकू म्हणाल्या. “मला दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही आवडत नाहीत.”

तेव्हा मात्र सगळे हसले. सगळ्यांचे हलणारे खांदे बघून काकांनी “काय म्हणाली? काय म्हणाली?” असं दोनदा विचारलं, आणि कुणीही त्यांना सांगितलं नाही.

बाईंनी बँडची रेकॉर्ड तबकडीवरून उचलली. बाजूलाच ते खोकं होतं. त्या रेकॉर्ड हातात धरून उभ्या राहिल्या आणि बुवांकडे बघायला लागल्या. जिंकलेली बाजू त्यांची, म्हणजे शब्द त्यांचा.

बुवांनी कानामागे खाजवलं. “ती खोक्यात गेली तर मी रविवारी बोलू कुणाशी?” ते चिडूनच म्हणाले. “एकट्यानंच बोलायचं असेल तर घरी आरसा आहे माझ्या.”

“मग नियमाचं काय करू?”

“मला काय विचारता! नियम त्याचा, त्याला विचारा. लबाड लेकाचा.”

काका कुणाचीच वाट बघत बसले नव्हते. ते उठून उभे होते. “लावा,” त्यांनी बाईंना फर्मावलं. “पहिल्यापासून. माझं भाषण राहिलंय.”

“आधी भाषण करा, मग लावते.”

“दोन्ही एकदम. मी बोलणार आणि ते वाजणार.”

मंडळात रेकॉर्ड वाजताना कुजबुजलेलंही चालत नाही. तरी बाईंनी सुई टेकवली. कदाचित कंटाळून असेल, कदाचित त्यांनाही बघायचं असेल. सुई टेकताना काकांनी नीट पाहिलं आणि लगेच बोट वर केलं.

“ही आली,” ते म्हणाले. “जिन्यावरून कुणी एक एक पायरी सोडत खाली उतरावं, तशी आली. बघा. आता जरा अडखळते. मुद्दाम अडखळते, हे त्या तुमच्या माणसाला सुचलं नाही. त्याच्या नावेत बसलं की पहिल्यापासून कळतं, हा बुडणार. इथे कळत नाही. इथे तो पोचेलही. एवढी जागा ठेवली पोरांनी त्याला. आता पुन्हा खालपासून. आता वर. वर. अजून वर...”

त्यांचा हात गिटारीबरोबर चालला होता. बरोबर म्हणजे, जवळपास बरोबर. मला स्पष्ट दिसत होतं की ते पुढे जातायत. गिटार अजून अर्ध्या जिन्यावर आणि काका केव्हाचे अंगणात. खिडकीकडचे सगळे एकदा त्यांच्या हाताकडे आणि एकदा फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होते.

“आणि आता आवाज!” काका गरजले आणि त्यांनी हात खाली आणला.

आवाज आले नाहीत. गिटार आपली किणकिणत होती.

“अजून नाही,” बुवा म्हणाले. ते तबकडीवर वाकले होते, कपाळाला आठ्या, एक बोट हवेत. “थांब. थांब रे, किती घाई! अजून नाही...” आणि बोट खाली आणून, “आता!”

तिघांनी एकदम हाक घातली. ती काकांपर्यंत पोचली, कारण त्यांची मान डोलली. मग त्यांनी बुवांकडे अशा नजरेनं बघितलं, जणू एखाद्या गिऱ्हाइकानं त्यांनी कापलेली चावी परत आणलीय.

“उशिरा आले,” काका म्हणाले.

“कोण?”

“पोरं. मी बरोबर होतो. ती उशिरा आली.”

“अरे, छापलेली रेकॉर्ड आहे ती!” बुवांचा आवाज फाटला. “साठ वर्षं तिथल्या तिथे फिरतेय. ती कशी उशिरा येईल?”

“आज आली.”

“बाई, बघा हं, बघा! हा माणूस आता रेकॉर्डलाही... आणि ते शेवटचं कडवं? तेही उशिराच येणार असेल, नाही? कधी येणार ते?”

“येणारच नाही!” काका आपल्या खुर्चीत बसत म्हणाले, आणि त्यांनी पाय होते त्याहून जास्त पसरले.